कडी कुणाच्या हातात?

आमच्या कामात नाव घ्यायचं नसतं. फाईलवर नंबर, आणि बोलताना "मुखेडची बाई", "देगलूरची मुलगी", बास एवढंच. म्हणून ज्यांच्याबद्दल सांगतेय त्यांचंही नाव सांगणार नाही. नांदेडात त्या नुसत्या आपा होत्या. वकील आपा म्हणायचे, पोलीस आपा म्हणायचे, आणि ज्यांच्या बायका आमच्या महिला मदत केंद्रात यायच्या ते नवरेसुद्धा दातओठ खात आपाच म्हणायचे.

आधी स्टूल सांगते, कारण लांबून आपा दिसायच्या आधी ते स्टूलच दिसायचं. घडीचं, निळ्या पट्ट्यांचं, एक पाय तारेनं बांधलेला. मुखेडला जायचं असो का मुदखेडला, एसटीत आपांच्या मांडीवर स्टूल. कंडक्टर मुद्दाम विचारायचा, "आपा, ह्याचं तिकीट?" आपा तोंड गंभीर करून म्हणायच्या, "पंचाहत्तरीच्या वरचं हाय ते. फुकट जातंय." सगळी गाडी हसायची, आपा सोडून.

हे स्टूल बायांसाठी. कुठल्याही कचेरीत बाईला टेबलासमोर उभं केलं की आपा घडी उलगडून तिला बसवायच्या आणि स्वतः शेजारी उभ्या राहायच्या. "उभ्या बाईचं कुणी ऐकत न्हाई बेटा. ती बसली की समोरच्याला कळतं, ही आता लवकर उठत न्हाई." साहेबलोक लाजून आपांसाठी खुर्ची मागवायचे. आपा खुर्चीवरही बसायच्या नाहीत आणि स्टुलावर तर नाहीच. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली, पण त्या स्टुलावर आपा बसलेल्या मी एकदाच पाहिल्या. ते शेवटी सांगते.

मी मूळची देगलूरची. लातूरहून समाजकार्याची पदवी घेतली, तीही पहिल्या वर्गात, त्यामुळं पहिले काही महिने जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होते. केंद्रात आपांचा एक कायदा होता. 'कशाला' हा शब्द बंद. कशाला राहिलीस, कशाला सोसलंस, माहेरी कशाला सांगितलं नाहीस, असलं काही बाईसमोर तोंडातून निघालं की त्या दिवशीचे सगळ्यांचे कप तुम्ही विसळायचे. मी तीन महिने कप विसळले. जिभेला वळण लागायला तेवढा वेळ लागतोच.

आतल्या खोलीत एक लोखंडी खुर्ची, एक प्लास्टिकची आणि भिंतीला लागून एक दिवाण. नवी बाई आली की आपांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "कुठंबी बस. दार लावायचं का उघडं ठेवायचं तू सांग. ही कडी तुझ्या हातात." मग आपा शेजारी बसून साडीला फॉल लावायला घ्यायच्या. भावाचं जुन्या गावात टेलरिंगचं दुकान, तिथल्या साड्या त्या पिशवीतून आणायच्या. समोर कधी बसायच्या नाहीत, बाईच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणायच्या, "हे टोक धर गं जरा. ताणून." बाई टोक धरायची. हात गुंतले, नजर कापडावर गेली, की हळूहळू तोंड उघडायचं. नांदेडातल्या किती बायका कुणाकुणाचं दुःख ऐकलेले फॉल पायाशी घेऊन लग्नाला मिरवतात, त्यांना काही पत्ता नाही.

एकदा देगलूरकडची एक मुलगी आली. तिनं दार लावलं, उघडलं, लावलं, उघडलं. मी वैतागून उठायला लागले तर आपांनी सुईनंच मला खाली बस म्हणून खुणावलं. "करू दे. आयुष्यात पहिल्यांदा कडी गावलीय तिला."

त्याच आठवड्यात मी आपांना माझं कॉलेजचं ज्ञान पाजळलं. म्हटलं, आपा, ह्याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर म्हणतात. माणसाच्या मनाला खोल मार बसलेला असतो हे धरून चालायचं. त्याला सुरक्षित वाटू द्यायचं, निवड त्याची, वेग त्याचा, जखम पुन्हापुन्हा उकरायची नाही. चांगलं दहा मिनिटांचं लेक्चर दिलं. आपांनी शेवटपर्यंत ऐकलं, दातानं दोरा तोडला आणि म्हणाल्या, "हौ. कडी तिच्या हातात."

माझी पदवी त्या चार शब्दांत बसली. राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू.

तर अशा आमच्या केंद्रात एआय आलं. लातूरला संस्थेचं मुख्य ऑफिस. तिथल्या संचालक साहेबांनी पुण्याच्या एका कंपनीकडून एक ॲप आणलं. फोन टेबलावर ठेवायचा, तो बाईचं बोलणं ऐकणार, पुढचा प्रश्न पडद्यावर सुचवणार, केसचा अहवाल स्वतःच लिहिणार आणि शेवटी रंग दाखवणार. लाल म्हणजे धोका मोठा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे समेट करून घरी पाठवा. नांदेडात ते तपासायचं काम माझ्याकडं. माझा तक्ता लातूरच्या बैठकीत ठेवायचा आणि तिथं ठरलं की दोन्ही जिल्ह्यांच्या सगळ्या केंद्रांत एकदम चालू. साहेब फोनवर म्हणाले होते, "नीट चाललं तर दोन्ही जिल्ह्यांची समन्वयक तुम्हीच." मग काय, मी हवेतच.

आपा त्या फोनला 'पाव्हणा' म्हणायच्या. "आला पाव्हणा? चहा घेतो का?" आम्ही हसायचो.

मी तपासणी केली ती अशी. जुन्या फाईली काढल्या, नावगाव बदललं आणि पाव्हण्याला वाचून दाखवल्या. "माझे पती मला नियमितपणे मारहाण करतात. मला त्यांच्यापासून जीवितास धोका वाटतो." पाव्हण्यानं लगेच लाल रंग दाखवला. वा! दुसरी केस, लाल. तिसरी, पिवळा. सगळं बिनचूक. पैकीच्या पैकी गुण देऊन मी तक्त्याखाली झोकात सही ठोकली. माझ्या लक्षातच आलं नाही की मी देगलूरची असून मशीनसमोर बातम्या दिल्यासारखं बोलत होते. आमच्या मराठवाड्याच्या माणसाला ही खोडच आहे. माईक दिसला, साहेब दिसला, मशीन दिसलं की आपली बोली खिशात आणि पुण्याची मराठी तोंडात. बाकीच्या केंद्रांतल्या पोरींनीही अगदी तसंच केलं होतं, हे मागाहून कळलं.

आता राहिली एक खरी केस, तीही झाली की तक्ता पुरा. त्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुखेडची बाई आली. पस्तिशीची, हाताला फडकं बांधलेलं, एक फुगलेली पिशवी. लेक मुदखेडला बहिणीकडं ठेवून आली होती. मी फोनबद्दलची संमती घाईघाईत वाचली, ती घाईघाईत हो म्हणाली.

"काय न्हाई ताई," ती म्हणाली. "घरात जरा बोलाचाली झाली. मोरीत पडले, हाताला लागलं. तसे ते सोभावानं बरे हायेत. चार दिस ऱ्हाऊ द्या, मग जाते."

पडद्यावर प्रश्न आला. मी वाचला. "आपण नेमक्या कशा पडलात?"

"पाय घसरला."

"त्या वेळी घरात कोण उपस्थित होते?"

"समदेच होते."

"पडण्यापूर्वी काय घडले ते कृपया क्रमाने सांगा."

"ऱ्हाऊ द्या ना ताई."

"मी समजू शकतो. तरीही थोडे अधिक सांगितल्यास आपल्याला मदत करता येईल." हेसुद्धा मी वाचलं. जसंच्या तसं. आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापतात माझ्या. तिनं पदर ओढून घेतला, नजर फरशीला लावली आणि प्रत्येक प्रश्नाला "काय न्हाई, बरं हाय" म्हणत राहिली. मला वाटलं, शांत झाली बिचारी. पाव्हण्यानं हिरवा रंग दाखवला. कौटुंबिक मतभेद, जोखीम कमी, समेटाची शिफारस.

मी तिला म्हटलं, दुपारची मुखेड गाडी मिळेल तुम्हाला. ती निमूट उठली. तेवढ्यात आपा बाहेरून आल्या.

"कुठं चाललीस गं बाई?"

"ताई म्हणल्या गाडी हाय."

आपांनी माझ्याकडं बघितलंच नाही, तिच्या पिशवीकडं बघितलं. पाण्याची बाटली काढताना पिशवीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद दिसत होते. "कागद कशाचे?"

"लेकीचा शाळेचा दाखला."

"कधी काढलास?"

"काल."

आपांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "चार दिसांसाठी आलेली बाई लेकीचं नाव शाळेतून काढून आणती व्हय? ती घर सोडून आलीया बेटा. ती सांगून नाही राहिली, कारण तुम्ही दोघं तिला विचारून राहिलात."

आपा आत गेल्या. मोहरी रंगाची साडी काढली. मी दाराबाहेर उभी होते, दार उघडंच होतं, कडीवर त्या बाईचा हात. "हे टोक धर गं जरा. ताणून." फॉल निम्म्याच्या पुढं गेला तेव्हा ती बोलायला लागली. मी तिथून बाजूला झाले. ती काय बोलली ते तिचं आहे, मी सांगणार नाही. एवढंच सांगते की त्या दुपारच्या गाडीत ती बसली असती, तर मी आज ही नोकरी करत नसते, आणि आरशात तोंडही बघितलं नसतं.

संध्याकाळपर्यंत तिची राहायची सोय झाली. मी मोरीपाशी कप विसळत बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच. रडत होते. आपा शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"रडून काय होतंय? तू वाईट न्हाईस, तू पडद्याकडं बघत होतीस. उद्या दोन जिल्ह्यांतल्या पोरी पडद्याकडंच बघतील, तुझी सही बघून. अशी बाई पुन्हा आली तर तिला कोण अडवणार?"

माझ्या तक्त्यावर त्यांनी लाल पेनानं आडवं लिहिलं, 'फेरपरीक्षा'. समन्वयकपद गेलं चुलीत, म्हटलं, घ्या.

पुढचे तीन आठवडे आपा रोज दुपारी जेवण झालं की पाव्हण्याशी भांडायच्या. आमच्या बाया बोलतात तसं बोलायच्या. "काय न्हाई" हे दोनच शब्द सात सुरांत म्हणायच्या. एका सुरात भीती, एकात लाज, एकात नुसता थकवा. पाव्हणा दर वेळी म्हणायचा, "छान! आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" आपा कपाळावर हात मारायच्या. "छान म्हणतंय मेलं!" मी शेजारी बसून प्रत्येक उत्तर लिहून घ्यायची. वही भरली. पहिल्यांदाच खरी तपासणी चालली होती आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. आणखी एक गोष्ट आपांनी हेरली. पाव्हणा प्रश्न विचारायला जितका वाईट, तितका लिहायला चांगला. सांगितलेलं तो एक शब्द न गाळता लिहायचा. "हे बग," आपा म्हणाल्या, "हे कामाचं हाय."

लातूरच्या बैठकीला आपा स्टूल घेऊनच आल्या. मोठा हॉल, भिंतीवर पडदा, त्यावर माझाच जुना तक्ता, पैकीच्या पैकी. कंपनीच्या मॅडम पुण्याहून आल्या होत्या. संचालक साहेब चांगला माणूस, पण घाईतला. आमची वही चाळून म्हणाले, "आपा, बारीकसारीक चुका होतातच. काळाबरोबर चालावं लागतं."

"चालू की. फक्त कुणाचं बोट धरून चालतोय ते बघू." आपांनी हॉलच्या मधोमध स्टूल उलगडलं. "साहेब, तुम्हीच बसा. लहानपणचा एखादा मार आठवा. दार तिकडं हाय, वाटेल तेव्हा उठा."

साहेब हसत बसले. "मार काय, सगळ्यांनीच खाल्लाय." फोनला म्हणाले, "लहानपणी वडील मारायचे."

"ते आपल्याला कशाने मारायचे?" पडद्यावरचे प्रश्न ह्या वेळीही मीच वाचत होते.

"पट्ट्यानं," साहेब अजून हसत होते.

"त्यातील सर्वांत गंभीर प्रसंग कृपया क्रमाने सांगा."

साहेबांचं हसू गेलं. "ते जाऊ द्या."

"मी समजू शकतो. तरीही थोडे अधिक सांगितल्यास..."

"नको म्हटलं ना."

"आपल्याला त्या प्रसंगाची भीती वाटते का?"

साहेब उठले. सरळ दारापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. आपा पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्यापाशी गेल्या, ग्लास हातात दिला आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "माफ करा साहेब. पण तुम्ही उठलात. आमच्या बाया उठत न्हाईत. उठता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं."

साहेबांनी पाणी संपवलं, तोंड पुसलं आणि जागेवर येऊन वही पुढं ओढली. "बोला आपा. काय काय बदलायचं?"

मला त्या क्षणी शिट्टी मारावीशी वाटली होती. येत नाही म्हणून राहिलं.

आपा म्हणाल्या, "पाव्हण्याला हाकलू नका. पाव्हण्यासारखं ठेवा, ओसरीवर. त्यानं विचारायचं न्हाई, फक्त लिहायचं. रंगबिंग दाखवायचा न्हाई, ते आमचं काम, आम्हाला पिशवी दिसती, त्याला न्हाई. लिहिलेलं बाईला वाचून दाखवायचं, ती म्हणंल ते पुसायचं. मग तेच पोलिसाला, तेच डॉक्टरला, तेच वकिलाला. एकाच बाईनं तेच दुखणं पाच टेबलांवर पाच वेळा सांगायचं, हे मी तीस वर्षं बघून राहिले. ते ह्यानं थांबवलं तर मी त्याला रोज बिर्याणी खाऊ घालीन. आणि बाईनं थांब म्हणलं की थांबायचं. त्या शब्दावर. पुढं एक अक्षर न्हाई."

कंपनीच्या मॅडमनी मान वर केली. "पण आपा, 'थांबा' हा शब्द तो ओळखतो."

"'थांबा' कोण म्हणतंय हितं?" आपा बोटांवर मोजत सुरू झाल्या. "बास. नगं. ऱ्हाऊ द्या. जाऊ द्या. मरू द्या तिकडं. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हणतील नक्को. देगलूरकडं तेलुगूवाली म्हणंल वद्दू, उदगीरकडं कानडीवाली म्हणंल ब्याडा. आणि एखादी काहीच म्हणणार न्हाई, नुसती गप बसंल. ते सगळ्यात मोठं थांब." मॅडम लिहीतच सुटल्या. पान संपलं तर माझ्याकडून कागद मागून घेतला. चहाच्या सुट्टीत त्या आपांच्या मागे मागे फिरत होत्या, "आपा, अजून कसं म्हणतात?" हॉलमधल्या पोरी आपापल्या गावचे शब्द ओरडून सांगायला लागल्या. लग्नघर झालं नुसतं.

तीन महिन्यांनी नवा पाव्हणा आला. ह्या वेळी तपासणी आमच्याच बोलीत, आमच्याच वहीनं. तो दोनदा नापास झाला, दोनदा परत गेला. तिसऱ्या वेळी आपांनी स्वतः सही केली, उर्दू वळणाची, मोठी.

मुखेडची बाई तोवर लातूरला पोरींच्या एका मेसमध्ये पोळ्यांच्या कामाला लागली होती, लेक तिथल्याच शाळेत. कोर्टात तिच्या अर्जाची तारीख लागली, म्हणून सगळं एकदा लिहून हवं होतं. त्यासाठी ती नांदेडला केंद्रात आली. मी तिला सगळं समजावून विचारलं, ह्या वेळी सावकाश. कागदावर सांगता का फोनला? तिला तो फोन आठवला. तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "बघू तरी, सुधारलाय का."

फोन टेबलावर. आपा शेजारी फॉल लावत. ती बोलायला लागली, मोरीपर्यंत आली आणि अडकली.

"बास," ती म्हणाली.

पडद्यावर आलं, 'थांबलो. तुम्ही म्हणाल तेव्हाच पुढं.' मी वाचून दाखवलं. ती फोनकडं बघत राहिली. वाट बघत होती, आता विचारील, आता विचारील. फोन गप. तिनं दोन वाक्यं आणखी सांगितली आणि मुद्दामच म्हणाली, "नगं." थांबला. मग "ऱ्हाऊ द्या." थांबला. चौथ्यांदा तर हसतच म्हणाली, आणि तो थांबल्यावर ते हसू एकदम ओठावरच राहिलं.

"आपा," ती म्हणाली, "मी बास म्हणलं आन् कुणी थांबलं, हे आज पहिल्यांदा बघून राहिले."

आपांची सुई थांबली. मी तर उघड रडले, मला काही लाज नाही. आपा म्हणाल्या, "हौ. ह्याला शिकवलं. आता माणसं ऱ्हायली." मग त्या बाईनं डोळे पुसले आणि स्वतःच म्हणाली, "चल रे, लिही." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता, सगळं सांगितलं.

तारखेच्या दिवशी आम्ही तिघी कोर्टात गेलो. तिच्या अर्जाचा पुकारा झाला. आपांनी सवयीनं स्टूल उलगडून तिच्यापुढं केलं.

"ऱ्हाऊ द्या आपा," ती म्हणाली. "उभ्यानं सांगते."

ती आत गेली. आपा तिच्या पाठीकडं बघत राहिल्या आणि मग, नऊ वर्षांत पहिल्यांदा, त्या स्टुलावर हळूच बसल्या.